न झाडलेला शॉट

दहा मीटर एअर पिस्तूल शिकायला येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: हात हलायचा कधी थांबणार? उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. हात हलायचा थांबत नाही. ऑलिंपिकच्या रेंजवर उभ्या असलेल्या नेमबाजाचाही हात हलतो. त्याच्या हलण्याचा घेर लहान असतो, आणि त्या हलण्याला तो घाबरत नाही, एवढाच फरक. या पहिल्या प्रश्नापासून पहिल्या स्पर्धेपर्यंतची वाट कशी जाते, कुठे पाय घसरतो आणि का, हे शिकताना आणि शिकवताना जसं कळत गेलं तसं मापांसकट इथे मांडतो आहोत.

आधी टार्गेट नीट समजून घ्यावं. काळा भाग ५९.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्यात ७ ते १० गुणांची वर्तुळं येतात. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या साध्या बटणाएवढं. त्यापुढे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर सरकतं. पेलेट, म्हणजे पिस्तुलातून सुटणारी छोटी गोळी, ४.५ मिलिमीटरचं असतं आणि त्याची कड रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी दहा मिळतो. हा आकडा डोक्यात पक्का बसवावा, कारण पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे.

पिस्तूल हातात घेण्याआधी सुरक्षिततेचे नियम अंगात मुरायला हवेत. नळी कायम टार्गेटच्या दिशेला. पेटीतून बाहेर आलेल्या पिस्तुलाच्या नळीतून सुरक्षा-दोरी आरपार गेलेली, दोन्ही टोकांना दिसणारी. दोरी काढायची ती लेनवर, म्हणजे नेमबाजीच्या आपल्या ठरलेल्या जागेवर, उभं राहिल्यावर आणि परवानगी मिळाल्यावरच. ‘लोड’ ऐकल्याशिवाय पेलेट भरायचं नाही, ‘स्टॉप’ ऐकल्यावर बोट तिथल्या तिथे ट्रिगरबाहेर. पुढे कोणी गेलं असेल तर पिस्तुलाला हातही लावायचा नाही, रिकामं असलं तरी. एअर पिस्तुलाचं पेलेट सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने निघतं. खेळणं समजून चूक झाली तर डोळा जाण्याइतका हा वेग पुरेसा आहे. पेलेट शिशाचं असतं, म्हणून तोंडात धरायचं नाही, आणि सराव संपल्यावर काही खाण्याआधी हात साबणाने धुवायचे. वय, परवाना आणि घरी ठेवण्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. ते आधी वाचावेत, मग पिस्तुलाची चौकशी करावी.

पिस्तूल कोणत्या कंपनीचं यावर तरुण मुलं खूप वेळ घालवतात. आमच्या मते तो वेळ ग्रिपला, हातात धरायच्या मुठीला, द्यावा. नियमांत बसायचं तर पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमच्या आत, ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम, आणि सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावायला हवं. बहुतेक प्रौढ नेमबाजांचं पिस्तूल एक किलोच्या आसपास असतं. चौदा-पंधरा वर्षांच्या खांद्याला हे वजन जड जातं, म्हणून हलकं, लहान नळीचं मॉडेल घ्यावं. जड पिस्तुलाने हात स्थिर राहतो हे खरं, पण ते पेलणारा खांदा असेल तर. नाहीतर चाळिसाव्या शॉटनंतर मूल पाठ मागे झुकवून वजन तोलायला लागतं, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

ग्रिप बसली की नाही हे तपासण्याची पद्धत सोपी आहे. रिकामं पिस्तूल हातात नीट बसवा, डोळे मिटा, हात उचलून टार्गेटच्या उंचीला आणा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. नळीच्या टोकाशी नेम धरायला असलेली फ्रंट साइट मागच्या रिअर साइटच्या खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. ती दर वेळी डावीकडेच दिसत असेल तर मनगट वळवून दुरुस्त करू नका. ग्रिपचा कोन बदला, किंवा तळहाताच्या बाजूला लाकडाची पुटी भरा आणि कानसेने घासा. मनगट वळवून केलेली दुरुस्ती पंचविसाव्या शॉटपर्यंत टिकते, पुढे स्नायू दमतात आणि साइट परत आपल्या जागी जाते. हाताखालची पट्टी, जिला पाम शेल्फ म्हणतात, ती करकचून आवळू नये. हाताची कड आणि पट्टी यांच्यात एक-दोन मिलिमीटर फट राहू द्यावी. वाढीच्या वयात हात भराभर बदलतो, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी ग्रिप पुन्हा तपासावी. गेल्या वर्षी अगदी हातासाठी बनवल्यासारखी वाटणारी ग्रिप यंदा अंगठ्याच्या बुडाशी टोचू लागते, आणि मूल मात्र आपलं तंत्र बिघडलं म्हणून कष्टी होतं.

किती जोराने धरायचं? हळूहळू आवळत जा, हात थरथरायला लागेल तिथवर. मग थरथर थांबेपर्यंत किंचित सैल करा. तो आपला जोर. मधलं आणि अनामिका ही दोन बोटं ग्रिप सरळ मागे ओढतात, करंगळी नुसती टेकते, अंगठा काहीच करत नाही. हा जोर पहिल्या शॉटपासून साठाव्या शॉटपर्यंत एकच राहिला पाहिजे. जोर कमी असला तर चालून जातं. मध्येच बदलणारा जोर चालत नाही.

उभं राहण्याबद्दल थोडक्यात. पाय खांद्यांच्या रुंदीएवढे, वजन दोन्ही पायांवर सारखं, गुडघे सरळ पण ताठ नाहीत, मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. पॅरिस २०२४ मध्ये तुर्कीच्या युसुफ डिकेचचा खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला आणि लोकांना तो बेफिकिरीचा वाटला. एअर पिस्तुलात खिशातला हात हे तंत्र आहे. लोंबता हात झुलतो आणि खांद्याला सोबत ओढतो. पायांची दिशा ठरवायला मघाचीच चाचणी वापरायची: डोळे मिटून उचला, उघडून बघा. हात टार्गेटच्या उजवीकडे थांबत असेल तर खांद्याने डावीकडे ढकलू नका, मागचा पाय सरकवा. पाऊल दोन-तीन सेंटिमीटर सरकलं तरी हात बराच फिरतो. जागा सापडली की जमिनीवर पावलांच्या खुणा लक्षात ठेवा. मध्ये पाणी प्यायला वळलात की ही चाचणी पुन्हा. बूट घोट्याचं हाड झाकणारे चालत नाहीत, आणि पिस्तुलाच्या हातात घड्याळ किंवा आधार देणारं कडं, पट्टा चालत नाही. मनगट पूर्ण मोकळं हवं.

आता साइट्स. इथे थांबून सांगायला हवं, कारण नवख्यांचे निम्मे गुण इथेच सांडतात.

रिअर साइट आणि फ्रंट साइट यांच्यातलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरू. टार्गेट १० मीटरवर. म्हणजे फ्रंट साइट खाचेत एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाली की पेलेट टार्गेटवर सुमारे ३० मिलिमीटर, जवळजवळ चार वर्तुळं, बाहेर जातं. दहाचा नऊ व्हायला पाव मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त चूक पुरते. आता दुसरी बाजू बघा. दोन्ही साइट्स एकमेकींशी अचूक जुळलेल्या आहेत, पण अख्खा हात पिस्तुलासकट ५ मिलिमीटर डावीकडे सरकला. पेलेट किती सरकेल? तेवढंच, ५ मिलिमीटर. आणि ५ मिलिमीटरला अजून दहाच मिळतो.

हाताच्या हलण्याला घाबरायचं नाही, असं आम्ही सुरुवातीला म्हटलं ते यामुळे. हात सावकाश डोलतो तेव्हा साइट्स जुळलेल्या राहिल्या तर शॉट त्या डोलण्याच्या घेरातच पडतो. मनगट मोडलं तर मात्र घेराबाहेर, सात-सहावर जातो. म्हणून डोळ्याचं लक्ष फ्रंट साइटवर. फ्रंट साइटच्या कडा कापल्यासारख्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत, दोन्ही बाजूंची प्रकाशाची फट सारखी, वरची कड रिअर साइटच्या वरच्या कडेशी एका रेषेत. टार्गेट धूसर करडा गोळा दिसतो, तो तसाच दिसायला हवा. टार्गेट स्वच्छ दिसायला लागलं याचा अर्थ डोळा पुढे पळाला, आणि त्या क्षणी साइट्स सुटल्या.

डोळ्याला टार्गेटकडे पळायची ओढ फार असते. जिथे मारायचं तिथे बघावं, हे तर लहानपणी आंब्यावर दगड मारतानाच शिकलेलं असतं. ती सवय मोडायला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कोरा पांढरा कागद. टार्गेट उलटं लावा आणि पांढऱ्यावर शॉट मारा. मारायला जागाच नसल्यावर डोळा साइटवर थांबतो. कितीतरी मुलांचा पांढऱ्या कागदावरचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, त्यांच्या काळ्या टार्गेटवरच्या ग्रुपपेक्षा लहान निघतो. तो त्यांच्यासमोर ठेवला की पटतं, सांगून पटत नाही.

काळ्या टार्गेटवर साइट कुठे धरायची? काळ्याच्या खाली, पांढऱ्या भागात, थोडी फट सोडून. काळी साइट काळ्या वर्तुळावर धरली तर कड दिसत नाही, आणि वर्तुळाच्या कडेला अगदी टेकवून धरली तर प्रत्येक वेळी टेकलं की नाही हे बघण्यात डोळा पुन्हा टार्गेटवर जातो. फट मोजायची नाही. तो एक प्रदेश आहे, ठिपका नाही. दुसरा डोळा मिटू नये. मिटल्याने चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि पंधरा मिनिटांत नेम धरणारा डोळाही थकतो. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर अर्धपारदर्शक पट्टी लावावी, ती ३० मिलिमीटरपर्यंत रुंद चालते.

ट्रिगरकडे वळू. ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर बरंचसं वजन घेतलं जातं, दुसऱ्यावर उरलेलं. ५०० ग्रॅमपैकी साडेतीनशे-चारशे पहिल्यावर आणि उरलेलं दुसऱ्यावर, असं लावून सुरुवात करावी. स्पर्धेआधीच्या तपासणीत ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरने उचललं पाहिजे, आणि सामन्यानंतरही तपासणीला बोलावतात. म्हणून अगदी काठावर न ठेवता दहा-वीस ग्रॅम जास्तच ठेवावं. त्या वीस ग्रॅमने शॉट बिघडत नाही. ट्रिगर कमी वजनाचा निघाला तर सगळा सामना जातो.

बोटाचा पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर. बोटाची बाकीची लांबी ग्रिपला लागता कामा नये, नाहीतर दाबताना पिस्तूल बाजूला ढकललं जातं. दाब सरळ मागे. आणि दाब वाढत राहिला पाहिजे, साइट हलत असताना वाढत राहिला पाहिजे. हे सगळ्यात अवघड आहे, कारण डोकं सांगतं: आत्ता मधोमध आलंय, आत्ता दाब! डोक्याचा हुकूम बोटापर्यंत पोचेपर्यंत साइट पुढे गेलेली असते, आणि घाईने आवळलेलं बोट एकटं आवळत नाही, अख्खी मूठ आवळली जाते. उजव्या हाताच्या नेमबाजाचा असा शॉट खाली डावीकडे जातो, डावखुऱ्याचा खाली उजवीकडे. नवख्या गटाची टार्गेटं समोर लावली तर खाली डावीकडची छिद्रं इतकी असतात की नावं न वाचताही कारण सांगता येतं.

यावर औषध म्हणजे ड्राय फायरिंग. एअर पिस्तुलांत हवा न सोडता ट्रिगर चालवण्याची सोय असते. ती लावून, पेलेटशिवाय, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रिगर दाबायचा आणि ‘टक’ होताना फ्रंट साइट हलली का ते बघायचं. हलली तर ते छिद्र कुठे पडलं असतं तेही कळतं. पहिले दोन आठवडे रोज ४० ते ६० ड्राय शॉट, पेलेट अजिबात नाही. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं आणि आवाजाची, छिद्राची भूक अनावर असते, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही हे दोन आठवडे पाळणाऱ्याला पुढचे सहा महिने सोपे जातात. त्यानंतरही एका पेलेटच्या शॉटमागे दोन ड्राय शॉट, हे प्रमाण सुरुवातीच्या काळात ठेवावं.

आता एक शॉट सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पेलेट भरलं, हात टेकावर. पाय, पोट, खांदे, पकड असं खालून वर मनात तपासलं. श्वास घेत हात टार्गेटच्या वर नेला. श्वास सोडत खाली उतरताना ट्रिगरचा पहिला टप्पा घेतला. काळ्याच्या खालच्या प्रदेशात हात थांबला, अर्धा श्वास आत ठेवून तो थांबवला. डोळा फ्रंट साइटवर, बोटाचा दाब सुरू. हात स्थिरावल्यापासून पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटला पाहिजे. सुटल्यावर एक-दोन सेकंद तसंच उभं राहायचं, डोळा साइटवरच. पेलेट नळीतून बाहेर पडायलाही वेळ लागतो आणि हात लगेच सोडायची सवय शॉटच्या आधी डोकावू लागते. मग स्क्रीनकडे न बघता आधी स्वतःला सांगायचं: नऊ, उजवीकडे. नंतर स्क्रीन. आपण सांगितलेलं आणि दिसलेलं जुळायला लागलं की समजावं, शिकणं सुरू झालं.

आणि आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर?

पिस्तूल खाली घ्यायचं. हे वाक्य आम्ही सगळ्यात जास्त वेळा बोलतो आणि सगळ्यात कमी ऐकलं जातं. स्थिरावल्यानंतर पहिली काही सेकंदं हात सर्वांत शांत असतो. त्यापुढे खांद्याचे स्नायू दमतात, अडवलेल्या श्वासाने छातीचे ठोके साइटमध्ये दिसू लागतात, आणि डोळ्यात साइटची जुनी प्रतिमा गोठते. साइट सरकलेली असली तरी जुळलेलीच दिसते. नेमबाजाला वाटतं चांगलं धरलंय, आणि छिद्र सातवर पडतं. शिवाय इतका वेळ धरलं तर आता सोडून कसं द्यायचं, हा लोभ असतोच. त्या लोभाने दाबलेला ट्रिगर म्हणजे मघाशी सांगितलेली आवळलेली मूठ.

खाली घेणं शिकवावं लागतं, आपोआप येत नाही. आमची रीत अशी: सरावात दर पाचव्या वेळी हात वर नेऊन, पहिला टप्पा घेऊन, मुद्दाम खाली घ्यायचं, सगळं उत्तम असलं तरी. सुरुवातीला मुलं चरफडतात. पण त्यामुळे खाली घेणं म्हणजे अपयश नाही, हे डोक्याऐवजी हाताला कळतं. दुसरी रीत: मागे उभा असलेला सोबती कधीही ‘खाली’ म्हणेल, त्या क्षणी बोट बाहेर, हात टेकावर. खाली घेतल्यानंतर लगेच वर जायचं नाही. दोन-तीन पूर्ण श्वास, खांदा सैल, पकड पुन्हा बसवायची, मग नव्याने. त्याच दमलेल्या हाताने पाच सेकंदांत पुन्हा वर गेलं तर तोच शॉट उधारीवर मारल्यासारखं होतं.

सरावाचं प्रमाण. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरेत, एका वेळी दीड तास. त्यात आधी दहा मिनिटं अंग मोकळं करणं, मग होल्डचा सराव: ३० सेकंद धरायचं, एक मिनिट विश्रांती, असं दहा वेळा. मग ड्राय, मग पांढरा कागद, आणि शेवटी टार्गेटवर ३० ते ४० शॉट. गुण मोजायचा सराव आठवड्यातून एकदाच. रोज गुण मोजणारं मूल रोज परीक्षा देतं, अभ्यास कधी करत नाही. खांद्याच्या व्यायामासाठी रबरी पट्टा, पोट-पाठीसाठी प्लँक, आणि हे सगळं दोन्ही बाजूंनी. एअर पिस्तूल एकाच हाताचा खेळ आहे. वाढत्या वयात दुसरी बाजू दुर्लक्षित राहिली तर पाठ वाकडी व्हायचा धोका असतो. खांद्यात टोचल्यासारखं दुखलं की त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवायचा. दमल्याचं जडपण वेगळं आणि हे दुखणं वेगळं, हा फरक मुलांना पहिल्याच महिन्यात ओळखायला शिकवावा.

साइटचे स्क्रू फिरवण्याची घाई हा आणखी एक रोग. एक शॉट उजवीकडे गेला की क्लिक, दुसरा खाली गेला की क्लिक. पंधरा मिनिटांत पिस्तूल कुठे मारतं हे कोणालाच सांगता येत नाही. निदान पाच शॉटचा ग्रुप बघा, त्यातले स्वतःला आधीच बिघडलेले वाटलेले वगळा, उरलेल्यांचा मध्य काढा, मग फिरवा. ग्रुप उभा लांब पडत असेल तर साइटची उंची किंवा श्वास बघा. आडवा पडत असेल तर पाय आणि ट्रिगरवरचं बोट बघा. ग्रुप लहान पण एका बाजूला असेल तेवढ्यापुरताच स्क्रू. प्रकाश बदलला तरी ग्रुप सरकू शकतो, म्हणून अनोळखी रेंजवर गेल्यावर सरावाचे शॉट कंजूषपणे वापरू नयेत.

हवेचं सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. दाब फार खाली गेला की वेग घटतो आणि शॉट खाली पडू लागतात. नेमबाज स्वतःचं तंत्र तपासत बसतो आणि काटा बघत नाही. सामन्याआधी काटा बघा, आणि सिलिंडरवर छापलेली मुदतही, बहुतेकांना ती उत्पादनापासून दहा वर्षं असते. मुदत संपलेल्या सिलिंडरची जबाबदारी नेमबाजावर असते. भरलेलं सिलिंडर उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये.

पहिल्या स्पर्धेत काय होतं ते आधी माहीत असावं. आधी १५ मिनिटं तयारी आणि सरावाचे शॉट, हवे तितके. मग ६० शॉट, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर १ तास १५ मिनिटांत, कागदावर १ तास ३० मिनिटांत. मुलींसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर आधी ४० शॉट होते, २०१८ पासून दोघांना ६०. इलेक्ट्रॉनिकवर शॉटमागे ७५ सेकंद मिळतात. एक शॉट नीट मारायला ४०-४५ सेकंद लागतात. म्हणजे वीसेक वेळा पिस्तूल खाली घेण्याइतका वेळ शिल्लक असतो, आणि वर पाणी पिण्याइतकाही. हे गणित घरीच करून गेलं की वेळ संपेल या भीतीने झाडलेले शॉट कमी होतात. दर दहा शॉटनंतर बसावं, डोळ्यांना दूर कुठेतरी बघू द्यावं.

पात्रता फेरीत गुण पूर्णांकात मोजतात, कमाल ६००. पहिल्या वर्षात पाचशेच्या आसपास गुण आले तर वाट बरोबर आहे. ५८० म्हणजे आंतरराष्ट्रीय दर्जा. दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओ यांनी २००९ मध्ये ५९४ मारले होते, म्हणजे साठ शॉटमध्ये फक्त सहा गुण गेले. पण त्यांची आम्ही मुलांना सांगतो ती गोष्ट दुसरी आहे. रिओ २०१६ मध्ये ५० मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत त्यांचा एक शॉट ६.६ गेला, आणि तरीही सुवर्णपदक त्यांनीच जिंकलं. सहा गेला म्हणून पुढचा शॉट लवकर मारून भरपाई करता येत नाही. पुढच्या शॉटची किंमत तेवढीच असते.

लेनचा क्रमांक प्रत्येक वेळी बघावा. अथेन्स २००४ मध्ये अमेरिकेच्या मॅट एमन्स यांनी ५० मीटर रायफल तीन पोझिशनमध्ये आघाडीवर असताना शेवटचा शॉट शेजारच्या टार्गेटवर मारला आणि सुवर्ण गेलं. इतक्या वरच्या पातळीवर जे होऊ शकतं ते पहिल्या स्पर्धेत नक्की होऊ शकतं. पिस्तूलही ऐन वेळी दगा देतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्यात बिघाड झाला, मिनिटं गेली, आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. म्हणून पेटीत हत्यारं, सुटे सील, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर भरलेली बॅटरी, आणि जमल्यास सोबत्याचं दुसरं पिस्तूल हाताशी असावं. बिघाड झाला की हात वर करून अधिकाऱ्याला बोलावायचं, नळी टार्गेटकडेच ठेवून. पिस्तूल घेऊन स्वतः मागे वळायचं नाही.

अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, एका शॉटला कमाल १०.९. एक दशांश म्हणजे टार्गेटवर ०.८ मिलिमीटर. पॅरिस २०२४ मध्ये मनू भाकर २२ शॉटनंतर २२१.७ गुणांवर थांबली, कांस्य मिळालं, आणि रौप्याच्या लढतीपासून ती ०.१ ने मागे राहिली. तिथे प्रत्येक शॉटला ५० सेकंदच होते. तेवढ्यातही एकदा खाली घेऊन पुन्हा वर जाता येतं, पण तयारी असेल तरच. म्हणून सरावात घड्याळ लावून हाच प्रसंग करावा: वर, खाली, दोन श्वास, पुन्हा वर, शॉट, सगळं ५० सेकंदांत.

छाती धडधडते तेव्हा काय करायचं, हे मुलं हमखास विचारतात. ती धडधडू द्यावी, श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांब करावा, आणि लक्ष पुढच्या एका शॉटच्या क्रमावर ठेवावं. ठोके कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या नेमबाजीत स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी असलेल्या आहेत. कुठल्याही आजारासाठी औषध घेताना आपण नेमबाज आहोत हे डॉक्टरांना सांगावं.

सामना संपला की आधी पिस्तूल रिकामं असल्याचं अधिकाऱ्याला दाखवून सुरक्षा-दोरी घालायची, मग वही काढायची. वहीत चार रकाने पुरेत: शॉटचा क्रमांक, आपण सांगितलेला गुण, दिसलेला गुण, आणि त्या शॉटआधी किती वेळा खाली घेतलं. निकालाचा कागद सगळे जपून ठेवतात, हा चौथा रकाना मात्र फारसं कोणी भरत नाही. त्याची बेरीज करून बघा. साठ शॉटमध्ये दहा-पंधरा वेळा खाली घेतलेलं असेल आणि गुण ५१० असतील, तर पुढच्या महिन्यात होल्ड आणि ट्रिगरवर काम करायचं. बेरीज शून्य असेल आणि गुण तेवढेच असतील, तर मधल्या सात आणि सहांसमोर खूण करा, त्यातले किती शॉट दहा सेकंदांनंतर सुटले ते आठवून लिहा, आणि सोमवारचा सराव टार्गेट न लावता सुरू करा: हात वर, पहिला टप्पा, आणि खाली. वीस वेळा.